कृत्रिम पापण्या : लावण्याची रीत आणि डोळ्यांची काळजी

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होते, आणि लग्नसराई सुरू झाली की लाल, सुजलेले, चिकटलेले डोळे घेऊन मुली आणि त्यांच्या आया आमच्या दवाखान्यात येऊ लागतात. विचारपूस केली की कारण बहुधा एकच निघते : हळदीला, साखरपुड्याला किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला लावलेल्या कृत्रिम पापण्या. पूर्वी हा प्रकार नाटक-सिनेमापुरता होता. आता तालुक्याच्या गावातल्या दुकानातही या पापण्यांच्या डब्या मिळतात आणि मुली त्या घरच्या आरशासमोर बसून स्वतःच लावतात.

"असले काही लावू नका" एवढे सांगून आजकाल भागत नाही, आणि तसे सांगण्याचे कारणही नाही. नीट लावलेल्या, वेळेवर काढलेल्या आणि स्वच्छ ठेवलेल्या पापण्यांनी निरोगी डोळ्याला सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो घाईने, चुकीच्या डिंकाने आणि एकीच्या पापण्या दुसरीने वापरल्याने. म्हणून या आठवड्यात या विषयाची सविस्तर माहिती घेऊ.

पापणीचे केस कशासाठी?

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला ७० ते ८०. वरच्या केसांची लांबी ८ ते १२ मिलिमीटर असते. हे केस धूळ अडवतात. शिवाय प्रत्येक केसाच्या मुळाशी मज्जातंतूंचे जाळे असल्याने केसाला किंचित स्पर्श होताच पापणी आपोआप मिटते. डोळ्यात चिलट जाण्याआधीच डोळा बंद होतो, तो यामुळेच.

केसांच्या ओळीच्या किंचित मागे, पापणीच्या ओलसर कडेवर बारीक छिद्रांची रांग असते. ही तेलग्रंथींची तोंडे होत. त्यांतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते, त्यामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. या छिद्रांवर डिंक बसला की तेल अडते, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो आणि रांजणवाडी येण्याची शक्यता वाढते. पुढे लावण्याची रीत सांगताना "ओल्या कडेवर डिंक नको" असे मी वारंवार सांगणार आहे, त्याचे कारण हे आहे.

केस किती लांब असावेत यालाही शास्त्र आहे. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी २०१५ साली २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश असते, असे त्यांना आढळले. एवढ्या लांबीचे केस वाऱ्याचा झोत आणि धूळ डोळ्यापासून दूर ठेवतात. त्याहून लांब केस मात्र वारा उलट डोळ्याकडे वळवतात. आपल्या डोळ्याची रुंदी सुमारे तीन सेंटिमीटर धरली तर एक सेंटिमीटर लांबी पुरे. पंख्यासारख्या लांबलचक पापण्यांनी डोळा लवकर कोरडा पडतो. शिवाय त्यांच्या वजनाने पापणी जड वाटते.

थोडा इतिहास

कृत्रिम पापण्यांचे पेटंट १९११ साली अमेरिकेत अ‍ॅना टेलर या बाईंनी घेतले होते. १९१६ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या 'इन्टॉलरन्स' या मूकपटात सीना ओवेन या नटीला माणसाच्या केसांच्या पापण्या चिकटवल्या होत्या. चिकटवायला वापरला होता दाढी-मिशा लावण्याचा स्पिरिट गम. एके दिवशी तिचे डोळे सुजून जवळजवळ बंद झाले होते, अशी आठवण तिची सहअभिनेत्री लिलियन गिश हिने लिहून ठेवली आहे. तेव्हाही दोष केसांपेक्षा डिंकाचाच होता. शंभर वर्षांनंतर आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांतही बहुधा तेच दिसते.

प्रकार आणि डिंक

घरी लावण्यासाठी अखंड पट्टीच्या पापण्या सोयीच्या. एका बारीक दोऱ्यावर कृत्रिम धाग्यांचे केस बसवलेले असतात. दोरा जितका पातळ व लवचिक, तितका डोळ्याला सुखाचा. सुट्या केसांचे झुपके लावणे थोडे कठीण असते. पार्लरमध्ये एकेका केसाला एकेक केस जोडतात, ते 'एक्स्टेन्शन' निराळे. त्यासाठी झटपट घट्ट होणारा सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा डिंक वापरतात. ते काम घरी करू नये.

चुंबकाच्या पापण्याही आता मिळतात. त्यांत डिंक नसला तरी त्यांच्या आयलायनरमध्ये लोहाचे कण असतात. एमआरआय तपासणीच्या आधी अशा पापण्या काढून आयलायनर पूर्ण पुसलेच पाहिजे.

डिंक फक्त पापण्यांसाठी म्हणून बनवलेलाच घ्यावा. त्यातही दोन प्रकार आहेत. एकात रबराच्या झाडाचा चीक म्हणजे लॅटेक्स असते, दुसऱ्यात नसते. रबरी हातमोजे घातल्यावर किंवा फुगे फुगवल्यावर ज्यांना खाज सुटते, त्यांनी लॅटेक्सविरहित डिंक घ्यावा. अशा काही व्यक्तींना केळे किंवा किवी खाल्ल्यावरही तोंडात खाज येते, तीही सूचना समजावी. ट्यूबवरील घटकांची यादी व शेवटची तारीख वाचल्याशिवाय ट्यूब विकत घेऊ नये.

दोन वर्षांपूर्वीची एक हकिगत सांगते. हळदीच्या दिवशी घरातला पापण्यांचा डिंक संपला. दुकान लांब. कोणीतरी चपला आणि खेळणी चिकटवायची छोटी ट्यूब आणून दिली. थेंब डोळ्यात ओघळला आणि दोन्ही पापण्या क्षणात एकमेकींना चिकटल्या. घाबरून घरच्यांनी त्या बोटांनी ओढल्या, त्यात पापणीची कातडी सोलली. मुलीला आमच्याकडे आणले तेव्हा ती वेदनेने थरथरत होती. डिंक सैल करून, काही केस कापून डोळा उघडला, तर कॉर्नियावर म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा होता. औषध सुरू केले, लग्न एक डोळा झाकून पार पडले. दोन आठवड्यांत दृष्टी पूर्ववत झाली. पण त्या ओरखड्यात जंतू शिरून जखम चिघळली असती, तर बुबुळावर कायमचे फूल पडले असते. वापरलेली ट्यूब दहा रुपयांचीही नसेल.

आधी चाचणी

नवा डिंक डोळ्याला लावण्यापूर्वी त्याचा लहानसा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावावा आणि दोन दिवस थांबावे. लाली, खाज, पुरळ, सूज यांपैकी काहीही आले तर तो डिंक वापरू नये. कित्येकदा अ‍ॅलर्जी लगेच न दिसता दोन-तीन दिवसांनी दिसते. म्हणून ही चाचणी लग्नाच्या आदल्या रात्री करण्यात अर्थ नाही, आठ दिवस आधी करावी. गेल्या वर्षी चाललेला डिंक या वर्षी त्रास देऊ शकतो, कारण पहिल्या वापरात शरीर त्या पदार्थाची ओळख करून घेते आणि पुढच्या वापरात त्यावर उठते.

कोणी लावू नयेत?

डोळे आलेले असताना, रांजणवाडी असताना, पापणीच्या कडांना कोंडा किंवा खवले धरत असताना पापण्या लावू नयेत. मोतीबिंदूचे किंवा डोळ्याचे दुसरे ऑपरेशन झाले असेल, तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत थांबावे. डोळे कोरडे पडण्याचा विकार असणाऱ्यांनी विचारूनच लावाव्यात. शाळेच्या स्नेहसंमेलनात लहान मुलींना त्या लावूच नयेत. मुले डोळे चोळतात आणि टोचते आहे हे वेळेवर सांगत नाहीत.

लावण्याची रीत

पापण्या, डिंक, बोथट टोकाचा चिमटा, छोटी कात्री, कापसाच्या काड्या आणि आरसा एवढे साहित्य जवळ घ्यावे. बसून, भरपूर उजेडात आणि सावकाश काम करावे. पहिली खेप समारंभाच्या दिवशी न करता आधी एक-दोनदा सराव करावा. डिंक वाळेपर्यंत छताचा पंखा बंद ठेवावा.

१. हात साबणाने धुऊन स्वच्छ पुसावेत. पापण्यांवरचे काजळ, तेल, पावडर पुसून काढावी. तेलकट कातडीवर डिंक धरत नाही आणि मग माणूस जास्त डिंक लावतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालाव्यात.

२. डबीतून पापणी काढताना केसांना न धरता दोऱ्याच्या कडेला धरून बाहेरच्या टोकाकडून हळूच सोडवावी.

३. डिंक न लावताच पापणी डोळ्यावर धरून माप घ्यावे. नाकाकडच्या कोपऱ्यापासून चार-पाच मिलिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर टोक बुबुळाकडे टोचत राहते. जास्तीचा भाग बाहेरच्या टोकाकडून कापावा. पापणी डोळ्यावर असताना कात्री कधीही चालवू नये.

४. पट्टी बोटाभोवती किंवा पेन्सिलीभोवती गुंडाळून अर्धा मिनिट धरावी. दोरा मऊ पडतो आणि डोळ्याच्या गोलाईप्रमाणे बसतो.

५. दोऱ्यावर डिंकाची अगदी बारीक रेघ ओढावी. दोन्ही टोकांना किंचित जास्त. मग अर्धा ते पाऊण मिनिट थांबावे. डिंक ओला असतानाच लावण्याची घाई बहुतेकजणी करतात, मग पट्टी सरकते आणि डिंक डोळ्यात उतरतो. बोटाला चिकट लागू लागला की तो तयार झाला.

६. आरसा टेबलावर हनुवटीखाली आडवा ठेवून त्यात खाली पाहावे. असे केल्याने वरची पापणी ताणून सपाट होते आणि डोळा मिटावा लागत नाही. चिमट्याने पट्टी धरून आधी मध्यभागी टेकवावी, मग बाहेरचे टोक, शेवटी नाकाकडचे. पट्टी आपल्या केसांच्या मुळांच्या किंचित वर, कोरड्या कातडीवर बसली पाहिजे. केसांच्या आतल्या ओल्या कडेवर कदापि नको.

७. आपले केस आणि पट्टीचे केस बोटांनी हलके जुळवून घ्यावेत आणि दोन-तीन मिनिटे डोळा चोळू नये. नंतर डोळे चार-पाच वेळा उघडझाप करून पाहावेत. कुठेही टोचत असेल तर "होईल सवय" असे म्हणू नये, काढून पुन्हा लावावे. डोळा मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटतो. जे टोक आता टोचते ते तासाभरात नऊशे वेळा टोचेल.

होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतेच. अशा वेळी डोळे न चोळता स्वच्छ रुमालाच्या टोकाने खालून टिपावे. दुचाकीवरून जाताना चष्मा किंवा हेल्मेटची काच हवी, कारण वाऱ्याने सुटलेली पट्टी नेमक्या वेळी डोळ्यावर येते.

काढण्याची रीत

कितीही दमलात तरी पापण्या लावून झोपू नये. झोपेत डोळे उशीवर घासतात, पट्टी सरकते, आणि तेलग्रंथींची तोंडे रात्रभर झाकली जातात. वरातीहून पहाटे परतलेल्या मुली नेमके हेच करतात.

हात धुवावेत. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास त्या आधी काढाव्यात, म्हणजे तेलकट पदार्थ लेन्सवर बसत नाही. मग कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर मिनिटभर धरावा. डिंक सुटत नसेल तर मेकअप काढण्याचे द्रव कापसाच्या काडीने फक्त दोऱ्यावर फिरवावे. तेही जवळ नसेल तर खोबरेल तेलाचा एखादा थेंब चालेल, मात्र तो डोळ्यात जाऊ देऊ नये आणि नंतर पापण्या धुवाव्यात. डिंक सैल झाल्यावर बाहेरच्या टोकाकडून नाकाकडे पट्टी सावकाश सोलावी. अडली तर पुन्हा भिजवावी. ओढली तर तिच्याबरोबर स्वतःचे केसही येतात. गेलेला केस परत वाढायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. पुन्हा पुन्हा उपटला गेला तर मूळ दुखावते आणि तिथे केस येणे थांबू शकते, किंवा आलेला केस वाकडा होऊन बुबुळाला घासतो.

स्वच्छता आणि साठवण

काढलेल्या पट्टीवरचा डिंक चिमट्याने सोडवावा. कोमट पाण्यात लहान बाळांच्या शाम्पूचा थेंब टाकून त्यात कापसाची काडी बुडवावी आणि केस मुळाकडून टोकाकडे पुसून घ्यावेत. स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून कोरड्या फडक्यावर सावलीत वाळवाव्यात. प्राण्यांच्या केसांच्या पापण्या पाण्यात बुडवू नयेत. वाळल्यावर मूळच्या डबीतच गोलाई सांभाळून ठेवाव्यात. ओल्या ठेवल्या तर त्यांवर बुरशी येते, पावसाळ्यात तर हमखास.

किती वेळा वापराव्यात हे पाकिटावर लिहिलेले असते. दोरा ताठ झाला, केस गळू लागले किंवा डिंक निघेनासा झाला की त्या टाकून द्याव्यात. त्यांवर मस्कारा लावल्यास स्वच्छता कठीण होते. उघडलेली डिंकाची ट्यूब पाकिटावरील मुदतीपलीकडे वापरू नये. वास किंवा रंग बदलला तर मुदतीची वाट पाहू नये.

एकीच्या पापण्या दुसरीला नकोत

आपल्या घरांत एका काजळाच्या डबीत सगळ्यांची बोटे बुडत. वडीलधाऱ्यांना खुपऱ्यांचा रोग आठवत असेल. एका डोळ्याचे जंतू बोटाने, पदराने, टॉवेलाने दुसऱ्या डोळ्यात जात आणि अनेकांची दृष्टी जाई. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. पण जंतू जाण्याची वाट तीच आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती. अशा साथीचे विषाणू वस्तूंवर कित्येक दिवस टिकतात.

म्हणून बहिणीबहिणींनीही पापण्या, चिमटा, मस्कारा एकमेकींना देऊ नये. नाच बसवणाऱ्या शिक्षिकांनी एकच संच सगळ्या मुलींना लावू नये. पार्लरमध्ये आपली डबी आपण घेऊन जावी. डोळे आले त्या काळात वापरलेल्या पापण्या धुऊन ठेवू नयेत, फेकून द्याव्यात.

त्रास झाला तर

पापणी सुजली, खाज सुटली तर पट्टी ताबडतोब काढावी, डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी. पापण्यांचा डिंक डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने डोळा बंद झाला तर जबरदस्ती करू नये. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर जवळही आणू नये. कोमट पाण्याने धुवून, ओला स्वच्छ कापूस ठेवून थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा.

दुखणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे, पू येणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी तपासणी हवी. दूध, मध, तूप डोळ्यात घालू नये. मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली कमी होते, बरे वाटते आणि आत जखम वाढत जाते.

केस गळाले म्हणून लावत असाल तर

काहीजणी सौंदर्यासाठी नव्हे, आपले केस गळाले म्हणून पापण्या लावतात. त्यांना आधी कारण शोधण्याची विनंती आहे. थायरॉइडचे विकार, चाई, पापण्यांच्या कडांची जुनाट सूज यांत केस जातात. भुवया आणि पापण्या दोन्ही विरळ होणे हे कुष्ठरोगाचेही लक्षण असू शकते. त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत आणि पूर्ण बरे करणारे औषध मिळते. पापणीवर एकाच जागी गाठ येऊन तेवढेच केस गळाले असतील तर ती कॅन्सरची गाठ नाही ना, हे तपासावे लागते. हे सारे पट्टीखाली झाकले तर वेळ निघून जाते.

कॅन्सरच्या औषधांनी गेलेले केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुधा परत येतात. उपचार चालू असताना प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून, कधीतरी आणि थोड्या वेळापुरत्या पापण्या लावाव्यात. आरशातला चेहरा ओळखीचा दिसावा, ही त्यांची इच्छा फाजील नाही. घरच्यांनी त्याला नटणे म्हणून हसू नये.

वाचकांच्या दोन शंका

खोट्या पापण्यांनी स्वतःच्या पापण्या दाट होतात का? नाही. त्या केवळ वर चिकटवलेल्या असतात. ओढून काढल्यास उलट विरळ होतात.

रोज लावल्या तर चालतील का? मी तसा सल्ला देणार नाही. समारंभापुरत्या, पाच-सहा तास लावाव्यात आणि मध्ये काही दिवस पापण्यांना विश्रांती द्यावी.

घरात लग्न असेल तर सामानाच्या यादीत पापण्यांबरोबर दोन गोष्टी आजच लिहून ठेवा : पापण्यांसाठीचाच डिंक, एक जास्तीची ट्यूब धरून, आणि जवळच्या नेत्रतज्ज्ञाचा फोन नंबर. पहिली आठवणीने आणलीत तर दुसऱ्याची गरज बहुधा पडणार नाही.